देवदारी खोक्यांच्या मुलखात

आमच्या अब्बांचा पिंपळगाव रेणुकाईत सुतारकामाचा छोटा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याचे छप्पर, एक ठोकळा, दोन करवती, तीन रंधे आणि कायम भिजत ठेवलेले सरसाचे डबडे. शेतकऱ्यांची औजारे बाभळीत व्हायची, दारे-खिडक्या सागवानात. उरलेले किरकोळ काम, म्हणजे स्टूल, भिंतीतल्या फळ्या, कोंबड्यांची खुराडी, देवदारी खोक्यांच्या फळ्यांतून निघायचे. ही खोकी अब्बा जालन्याहून स्वस्तात आणायचे. सफरचंदांची असायची, कधी यंत्रांच्या सुट्या भागांची. खिळे उपसून सरळ करण्याचे काम आम्हा पोरांकडे होते. खोके उघडले की एक गोडसर, किंचित औषधी वास अख्ख्या अंगणात पसरायचा. अम्मी म्हणायच्या, "लो, आ गया काश्मीर घर में."

अब्बांनी देवदाराचे झाड कधी पाहिले नव्हते. श्रीनगरच्या जामा मशिदीचे चित्र असलेले एक जुने कॅलेंडर मात्र कारखान्यात टांगलेले होते. त्या मशिदीला देवदाराचे साडेतीनशेहून अधिक खांब आहेत, एकेक खांब अखंड झाडाचा. सुलतान सिकंदरच्या काळात, चौदाव्या शतकाच्या अखेरीस तिचे बांधकाम सुरू झाले. पुढे ती एकापेक्षा अधिक वेळा आगीत जळाली आणि दर वेळी पुन्हा उभी राहिली. अब्बा गिऱ्हाइकांना ते खांब दाखवून म्हणायचे, "हे असले झाड एकदा उभे बघायचे आहे." दर उन्हाळ्यात ते विचारायचे आणि दर उन्हाळ्यात आम्ही म्हणायचो, पुढच्या सुट्टीत नक्की. शाळेच्या परीक्षा, पेपर तपासणी, मुलांच्या फिया, घराचा स्लॅब. दोन वर्षांपूर्वी अब्बा अल्लाहला प्यारे झाले. ती सुट्टी राहूनच गेली.

अम्मींची इद्दत संपली आणि दोनच महिन्यांत त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणे वाचले, अल्हम्दुलिल्लाह. उजवा पाय मात्र ओढत चालतो. चार खोल्यांत काठीने फिरतात, त्यापुढे चाकाची खुर्ची. तेव्हापासून त्यांनी उंबरठा ओलांडायचे सोडले. लग्न असो, अकीका असो, उत्तर एकच, "नक्को बाबा, मेरे से नै होता. तुम लोगां जाओ."

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्यांना देवदार दाखवायला नेले. ते कसे नेले, काय चुकले आणि तिथे काय पाहिले, ते लिहावे असे वाटले. कारण आपल्या बऱ्याच घरांत अशा एक अम्मी, एक दादीजान असतात, आणि आपण त्यांना विचारणेही सोडून दिलेले असते.

काश्मीर लांब पडत होते. आम्ही मनाली निवडले, कारण तिथे जंगल गावातच आहे. माल रोड संपतो तिथे वनविहार नावाचे राखीव देवदार-बन लागते, आणि दुसरे बन ढुंगरीला, हिडिंबा मंदिराभोवती. दोन्हीकडे गाडी जवळपर्यंत जाते. उंची साधारण दोन हजार मीटर. आमच्या भागाच्या चौपट म्हणा, पण लेह-लडाखसारखी श्वास कोंडणारी नाही. जालन्याच्या डॉक्टरांनी रक्तदाब तपासून, गोळ्यांची वेळ चुकवायची नाही या अटीवर होकार दिला. अम्मींचा होकार मिळवणे त्याहून अवघड होते. शेवटी धाकटा म्हणाला, "दादी, अब्बाजान का झाड देखने चलते ना." अम्मी गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली गरम शाल पेटीतून काढून उन्हात घातली.

जालन्याहून सचखंड एक्स्प्रेस थेट अंबाल्यापर्यंत जाते, हे आमचे नशीब. मध्ये गाडी बदलावी लागत नाही, आणि खालचा बर्थ आधीच आरक्षित केला असेल तर रुग्णालाही प्रवास झेपतो. दिल्लीहून मनालीला रात्रभर धावणाऱ्या बस आहेत, पण अम्मींसाठी आम्ही त्यांचा विचारही केला नाही. अंबाल्याला रात्र काढली. मग भाड्याची गाडी, मंडीला एक मुक्काम आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मनाली. वेळ गेला, पैसेही थोडे जास्त गेले, पण अम्मींच्या पायाला सूज आली नाही. मंडीच्या पुढे बियास नदी रस्त्याला बिलगून धावते. २०२३ च्या जुलैतल्या पुराने या रस्त्याचे लचके तोडले होते. कडेचे नवे काँक्रीट पाहून ते लगेच कळत होते.

हॉटेलने मात्र फसवले. फोनवर विचारले होते, पायऱ्या आहेत का? उत्तर आले, बिलकुल नाहीत. प्रत्यक्षात रस्त्यापासून दारापर्यंत अकरा पायऱ्या, तळमजल्याला पहिला मजला म्हणायची त्यांची पद्धत निराळीच. अम्मींना खुर्चीसकट उचलून न्यावे लागले आणि त्यांचे डोळे भरून आले. वजनाचा त्रास आम्हाला होता. लाज मात्र त्यांना वाटत होती. त्या रात्री त्यांनी जेवण अर्धेच केले. आम्हालाही वाटून गेले की आपण आपल्या मनाचे ओझे हलके करायला या बिचाऱ्या बाईला इतक्या लांब ओढत आणले की काय. तेव्हा वाचकांना एक सांगणे, नुसते विचारू नका, दाराचा फोटो मागवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या पुढे, ऊन खाली उतरल्यावर वनविहारात गेलो. माफक तिकीट आहे. फाटकातून आत गेलो आणि माल रोडवरचे हॉर्न, कुल्लू शालींची दुकाने, मक्याची कणसे भाजणारे, सगळे एकदम मागे पडले. दहा पावलांत इतका फरक आम्ही कुठे अनुभवला नव्हता. अजिंठ्याच्या डोंगरात आमच्या शाळेच्या सहली जातात. ते आमचे ओळखीचे जंगल आहे, साग, पळस, धावडा, सालई. थंडी सरता सरता ते पाने गाळते आणि मग पायाखाली सारखी चुरचुर चालते, ससा पळाला तरी ऐकू येतो. इथे पायाखाली आवाजच नाही. देवदाराच्या सुयांचा तपकिरी थर इतका जाड की मुले धावत होती आणि आम्हाला फक्त त्यांचे हसणे ऐकू येत होते.

आणि उंची! आपल्याकडे झाड म्हणजे पसारा. वड, चिंच, कडुनिंब आधी आडवे वाढतात, मग वर जातात. देवदार खांबासारखा सरळ जातो. चाळीस, पन्नास मीटरपर्यंत. आमच्या गावातली पाण्याची टाकी त्याच्या कमरेला लागली असती. अम्मींनी मान वर केली, डोक्यावरचा पदर मागे सरकला, तो सावरला, पुन्हा मान वर केली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "इसकू कौन चढता होगा?"

मुलांना आम्ही तिथेच थोडे शिकवून घेतले. शिक्षकाची खोड, जात नाही. देवदार, चीड, कैल, चिलगोजा ही सगळी सूचिपर्णी झाडे. आपण पाने म्हणतो तशी रुंद पाने त्यांना नसतात, सुया असतात, आणि त्यांवर मेणासारखा लेप असतो, म्हणून थंडीत पाणी वाया जात नाही. फांद्या बाहेर उतरत गेलेल्या, त्यामुळे बर्फ साठून न राहता घसरतो. यांना आंब्या-लिंबासारखा मोहोर येत नाही, फळ धरत नाही. बी शंकूच्या खवल्यांवर उघडेच बसलेले असते. ईदच्या शीरखुर्म्यात कधी हौसेने टाकतो ते चिलगोजे म्हणजे अशाच एका पाइनचे बी. याच हिमाचलातल्या किन्नौरमध्ये ती झाडे आहेत. हे ऐकून लेकीने विचारले, मग ते इतके महाग का? शंकू उतरवायचे, उघडायचे, एकेक दाणा वेगळा करायचा, त्या कष्टाचीच ती किंमत.

धाकट्याला अख्खा देवदारी शंकू हवा होता. अर्धा तास शोधूनही मिळाला नाही. कारण गमतीचे आहे. देवदाराचा शंकू पिंपासारखा, फांदीवर उभा बसतो आणि झाडावरच सुटा होतो. खवले आणि बिया उडून जातात, खाली येतो तो फक्त शेंड्याचा तुकडा, हुबेहूब लाकडी गुलाबासारखा. असले चार-पाच गुलाब त्याने गोळा केले. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा या झाडांच्या परागांचाही काळ. सुरवंटासारखे नर शंकू जागोजागी पडलेले होते, हात लावला की पिवळी पूड.

इथे भाषेची एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. आम्ही वर्गात उर्दू शिकवतो तेव्हा गझलेत 'सर्व' येतो. उंच, सडपातळ माशूकला 'सर्वकद' म्हणतात. सर्व म्हणजे सायप्रस, देवदाराच्याच मोठ्या कुळातला सूचिपर्णी वृक्ष. तोच शब्द मराठीत 'सुरू' झाला. पण कोकणच्या किनाऱ्यावर आपण ज्याला सुरूचे बन म्हणतो ते झाड सायप्रस नव्हेच. ते मूळचे ऑस्ट्रेलियाकडचे, वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेले, आणि त्याच्या त्या सुया म्हणजे बारीक सांधेदार डहाळ्या असतात. दिसायला सारखे, म्हणून नाव चिकटले. देवदाराचे नावही असेच लांबवर फिरले, ते पुढे सांगतो.

आता वाटेबद्दल, कारण ज्यांच्या घरी चाकाची खुर्ची आहे त्यांना हेच हवे असेल. मुख्य वाट पक्की आणि रुंद आहे, बसायला बाक आहेत. बन नदीच्या बाजूला उतरते, म्हणजे जाताना उतार आणि येताना चढ. पायऱ्यांचा टप्पा आला की आम्ही वळलो, हट्ट केला नाही. उतारावर खुर्ची पुढे तोंड करून ढकलायची नाही, उलटी फिरवून, आपण खालच्या बाजूला राहून हळूहळू उतरवायची. हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते. पहिल्याच उतारावर अम्मी पुढे झुकल्या आणि काळजाचा ठोका चुकला, तेव्हा शिकलो. आमची खुर्ची गल्लीतल्या एका घरून मागून आणलेली, लहान चाकांची, दवाखान्याच्या फरशीवर चालणारी. सुयांच्या थरात ती रुतत होती आणि मुळांवर अडत होती. मागची चाके मोठी असलेली खुर्ची घेतली असती तर निम्मे श्रम वाचले असते. काठीच्या टोकाला नवे रबर बसवून घ्या, कारण कोरड्या सुया गुळगुळीत फरशीइतक्या निसरड्या असतात. आणि दुपारी तीनच्या आत परत फिरा. डोंगरामागे ऊन लवकर जाते आणि गारठा एकदम उतरतो.

जोहरची वेळ तिथेच झाली. बाटलीतल्या पाण्याने वजू केला, पाणी असे की बोटे बधिर. होकायंत्र मोबाईलमध्ये होते. सफरात असल्याने कस्र, चारच्या जागी दोन रकात. अम्मींनी खुर्चीत बसूनच नमाज अदा केली. सलाम फेरून झाल्यावर त्यांनी दुआसाठी हात उचलले ते बराच वेळ खाली आले नाहीत. आम्ही मुलांना घेऊन थोडे लांब गेलो.

परत आलो तर अम्मी उभ्या होत्या. एक हात काठीवर, एक हात झाडावर. साल खवल्याखवल्यांची, भेगाळलेली, काळपट. नाक अगदी सालीजवळ नेऊन त्या वास घेत होत्या. आम्हाला वाटले आता रडतील. पण त्या वळून नाराजीने म्हणाल्या, "ये वो बास नै है."

आम्ही समजूत घातली. जिवंत झाड आहे, कापलेले लाकूड नाही, वास कमी येणारच. "चालीस साल सुंघी मैं," त्या म्हणाल्या, "मेरेकू नक्को सिखाओ."

उलगडा दुसऱ्या दिवशी ढुंगरीला झाला. तिथले हिडिंबा मंदिर १५५३ सालचे, राजा बहादूर सिंहाने बांधलेले, चार छपरांचे, देवदाराच्या लाकडाचे. मुलांच्या इतिहासाच्या दृष्टीने आम्ही ते बाहेरून नीट दाखवले. जवळच घटोत्कचाचेही ठाणे आहे. लेकीने लगेच ओळखले, कारण अजिंठ्याजवळ जंजाळ्याच्या शिवारात घटोत्कच लेणी आहेत, आमच्या सहलीच्या टप्प्यातली. आईचे नाव इथे आणि मुलाच्या नावाची लेणी तिकडे आपल्याकडे, असा हिशेब तिने मांडला. मंदिराकडची वाट पायऱ्यांची आहे, म्हणून अम्मींना घेऊन आम्ही बनाच्या कडेने सपाट रस्त्यावर थांबलो होतो. शेजारी काही निराळी झाडे होती, रंगाने निळसर, सुया लांब आणि लोंबत्या. खाली बोटभर नव्हे, वीतभर लांबीचे अख्खे शंकू पडलेले. एका झाडाची फांदी नुकतीच तुटली होती आणि जखमेतून डिंकासारखा चीक गळत होता.

अम्मींनी खुर्ची थांबवायला सांगितले. नाक वर करून दोन-तीनदा हुंगले. "अगे," त्या ओरडल्याच, "ये तो अपने कारखाने की बास है!"

रस्त्याच्या कडेला चहावाला होता, पिकल्या दाढीचा कुल्लूचा माणूस. त्याला विचारले. तो म्हणाला, हे देवदार नाही, देवदाराला आम्ही दियार म्हणतो. ही कैल. पूर्वी सफरचंदाच्या पेट्या कैलच्या आणि तसल्याच हलक्या लाकडाच्या व्हायच्या, पुठ्ठ्याची खोकी आली आणि ते बंद झाले. दियारच्या पेट्या कोण करणार साहेब, दियार घराला लागतो, त्याला वाळवी धरत नाही. मुलांनी कैलची एक जुडी उचलून मोजली, पाच सुया. चिडीच्या जुडीत तीन असतात. देवदाराच्या तर लहानशा फांदीवर गुच्छच्या गुच्छ. तेव्हा मोजणे ही ओळखीची सोपी खूण आहे.

म्हणजे आपल्याकडच्या बाजारात मऊ, पांढरट, परमुलखातल्या कुठल्याही पेटीला सरसकट देवदारी म्हणायची रीत पडली. सुरूसारखीच गत. अब्बा आयुष्यभर ज्याला देवदार समजून रंधा मारत होते ते बहुतेक कैल नाहीतर दुसरे एखादे हलके लाकूड असणार. आम्हाला जरा वाईट वाटले. इतक्या लांब आलो आणि झाडच चुकले! अम्मींना मात्र अजिबात वाटले नाही. त्या हसत होत्या. अब्बा गेल्यानंतर आम्ही त्यांना असे हसताना पाहिले नव्हते. "पूरी उमर खोके को देवदार बोले," त्या म्हणाल्या, "और गिराइक को भी वोइच बोल के बेचे. सुनते तो सरसाचे डबडे फेकते." मग त्यांनी चहावाल्याला अब्बांची गोष्ट सांगितली, आपल्या दखनीत, तो आपल्या पहाडी हिंदीत हुंकार देत होता. किती समजले कोण जाणे. त्याने अम्मींच्या चहाचे पैसे घेतले नाहीत.

पुढचे दोन दिवस अम्मी स्वतःच विचारत होत्या, आज किधर. अटल बोगदा पाहिला. ९ किलोमीटरचा हा बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला. पलीकडचा लाहौलचा मुलूख उघडाबोडका आहे, झाड दिसायला मुश्कील. अम्मींना तो आवडला नाही. परतताना त्यांनी पुन्हा ढुंगरीच्या त्याच वळणावर गाडी थांबवायला लावली. खुर्ची काढायची गरज नाही म्हणाल्या. काठी टेकत आमच्या हाताशिवाय दहा-बारा पावले चालल्या, सपाट रस्ता होता, आणि कैलचा एक शंकू निवडून धाकट्याकडून उचलवून घेतला. चिकाने त्यांच्या शालीला डाग पडला. तो अजून गेलेला नाही.

घरी आल्यावर आठवड्याने, एका रविवारी, अम्मींनी स्वयंपाकघरातले अब्बांच्या हातचे स्टूल अंगणात मागवले. खोक्याच्या फळ्यांचे, तीसएक वर्षांचे, तेलातुपाने काळे पडलेले. त्याला नाक लावले तर फक्त फोडणीचा वास. "अंदर से छीलो," अम्मी म्हणाल्या. अब्बांचा मधला रंधा माळ्यावर होता, पाते गंजलेले. ते घासून घेतले. आम्हाला रंधा मारायची सवय राहिलेली नाही. पहिल्या दोन फेऱ्यांत नुसता काळा चुरा निघाला. तिसऱ्या फेरीला पांढरी, पातळ, कुरळी ढलपी निघाली.

अम्मींनी ती हुंगली. मग कैलचा शंकू हुंगला. मग पुन्हा ढलपी.

"हौ," त्या म्हणाल्या, आणि ढलपी जानमाजच्या घडीत ठेवून दिली.